आज उड्डाण नाही, असं कोण म्हणणार?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या शाखा होसूर, साणंद आणि पंतनगर इथे. कारखान्याचा कारभार भाचीच्या हाती आहे. तिचे मामा मुंबईच्या हँगरमध्ये विमानांची देखभाल करणारे परवानाधारक अभियंता होते, आता निवृत्त झालेत. सध्या एक जुनं मिडसाइझ जेट विक्रीला आलंय. हॉकर ८००एक्सपी, २००४ चं, नोंदणी भारतातली, मालकाची अपेक्षा अठरा कोटींची. मामा म्हणतात, घे. भाची म्हणते, मी चार्टर करीन.

या विषयावर आपल्याकडे बोलणं झालंच तर दोन अंगांनी होतं. एक डामडौलाचं, दुसरं करबचतीचं. या दोघांना त्या दोन्हींत रस नव्हता. आपली माणसं ज्या यंत्रात बसतील त्याची जबाबदारी कोणाच्या गळ्यात असावी, यावर ते भांडत होते. मला हाच प्रश्न खरा वाटतो. म्हणून त्यांचं बोलणं इथे मांडतो आहे, मधे मला जे म्हणायचंय ते म्हणत.

भाची : गरज आहे, यावर आपला वाद नाही. चिकलठाण्याच्या विमानतळाहून होसूर सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटरही नाही. तिथे तनेजा एरोस्पेसची स्वतःची धावपट्टी आहे, सात हजार फुटांची. जेटने दीड तासाच्या आत कारखान्याजवळ उतरता येतं. आज मी उतरते देवनहळ्ळीला, म्हणजे बंगळुरूच्या उत्तरेला, आणि होसूर पडतं दक्षिणेला. अख्खं शहर ओलांडेपर्यंत दुपार होते. एका बैठकीत दोन दिवस जातात. आणि आमच्या मालामुळे ग्राहकाची लाइन थांबली, तर त्याच दिवशी तिथे उभं राहावं लागतं.

मामा : मग विमान दारात हवं.

भाची : दारात हवं की वेळेवर हवं? मुंबईचा एक ऑपरेटर या वर्गाच्या विमानाला तासाला साडेतीन लाख सांगतो. मुंबईहून इथे रिकामं यायला पाऊण तास. होसूरला एक तास पंचवीस मिनिटं, परतीला तेवढीच. मग पुन्हा पाऊण तास रिकामं मुंबईला. चार तास वीस मिनिटं झाली. वर १८ टक्के जीएसटी. एका फेरीचे अठरा लाख.

मामा : त्यातला तिसरा हिस्सा रिकाम्या खुर्च्यांचा.

भाची : हो, आणि ते मला टोचतं. पण आता तुमच्या हॉकरचं बघा. दोन कॅप्टन आणि दोन सहवैमानिक लागतील, कारण रजा, आजारपण आणि ड्यूटीच्या तासांची मर्यादा धरली तर एका जोडीवर भागत नाही. त्यांना सिम्युलेटरसाठी परदेशी पाठवायचं. विमा, पार्किंग, देखभालीचं वेळापत्रक सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था, नेव्हिगेशन डेटाची वर्गणी. विमान जागचं हललं नाही तरी वर्षाला साडेपाच कोटी. अठरा कोटींचं व्याज एक कोटी ऐंशी लाख. विमानाची किंमत दरवर्षी कोटीभर उतरेल असं धरते. झाले आठ कोटी तीस लाख. त्यावर उडण्याचा खर्च. हे विमान तासाला हजार लिटरच्या आसपास इंधन पितं. ते इंधन, इंजिनं, सुटे भाग, विमानतळाचं शुल्क सगळं मिळून तासाला दोन लाख तीस हजार.

मामा : आणि तुला तास किती लागतात?

भाची : आमच्या कामाचे, रिकाम्या फेऱ्या सोडून, वर्षाला एकशेवीस. चार्टरने साडेसात कोटी, मालकीने अकरा. मालकी परवडायला लागते ती दोनशे तासांच्या पुढे.

हे आकडे या एका कारखान्याचे आहेत. डॉलर हलला, इंधन हललं की ते हलतील. पण दोनशे तासांच्या आसपासची ही रेघ या व्यवसायात पुन्हा पुन्हा भेटते. वॉरेन बफे यांच्या बर्कशायरकडे स्वतःचं जेट होतं आणि त्यांनी त्याचं नाव ‘इनडिफेन्सिबल’ ठेवलं होतं, म्हणजे ज्याचं समर्थनच करता येणार नाही असं. त्याच बफे यांनी १९९५ मध्ये एका अंशतः मालकीच्या योजनेत हॉकर १००० चा चतुर्थांश हिस्सा घेतला. त्या चतुर्थांशात वर्षाला २०० तास मिळत. योजना त्यांना इतकी पटली की १९९८ मध्ये बर्कशायरने ती चालवणारी कंपनीच विकत घेतली.

कराबद्दल दोघांनी थोडक्यात आटोपलं, मीही थोडक्यातच लिहितो. आयकरात विमानावर ४० टक्के घसारा मिळतो खरा, पण तो खर्च केलेल्या पैशावर मिळतो, आणि पैसा आधी जातो. जीएसटीत वैयक्तिक वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के दर आहे, इतर वापराच्या विमानावर ५. त्यामुळे कागदावर वापर कोणता दाखवायचा याचा मोह होतो. विकणाऱ्याने विमान देशात आणताना चार्टरच्या नावाने सीमाशुल्कात सवलत घेतली असेल, तर कस्टम्सला काय हमी लिहून दिली होती ते सौद्याआधी वाचावं. पुढे त्यावरून वर्षानुवर्षं खटले चालतात.

मामा : हिशेब चोख आहे. पण यात तू विमानाचे पैसे मोजलेस, विमान कुठेच नाही. चार्टरचं विमान दारात येतं तेव्हा त्याचं शेपटीवरचं नोंदणीचिन्ह तुला आदल्या रात्री कळतं. कधी सकाळी कळतं. ठरलेलं विमान एओजी झालं, म्हणजे बिघाडामुळे जमिनीवरच अडकलं, म्हणून दुसऱ्याच ऑपरेटरचं आलं, असंही होतं. त्या इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत शेवटचा कधी गेला? मागच्या आठवड्यात कॅप्टनने लॉगमध्ये काय लिहिलं? कॅप्टन आणि सहवैमानिक याआधी एकत्र उडालेत का? हे तुला कोणी सांगत नाही आणि तू विचारत नाहीस. तुला खुर्ची, जेवण आणि उतरण्याची वेळ एवढंच दिसतं.

भाची : त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आहे ना? परवाना आहे, ऑडिट आहे.

मामा : टेटरबरोची गोष्ट सांगतो. न्यू यॉर्कजवळचा विमानतळ, २ फेब्रुवारी २००५. शिकागोला निघालेलं चार्टरचं चॅलेंजर ६०० धावपट्टीवर धावलं आणि नाक उचलेना. इंधन आणि माणसं मिळून वजनाचा तोल मर्यादेच्या पुढे गेला होता. तोल मोजून बघायचा तो नीट बघितलाच नव्हता. विमान धावपट्टी सोडून महामार्ग ओलांडून गेलं, गाड्यांना धडकलं आणि थेट एका गोदामात घुसलं. विमानात अकरा जण होते, कोणी दगावलं नाही हे नशीब. चौकशीत निघालं की त्या कंपनीकडे चार्टर चालवण्याचा स्वतःचा परवानाच नव्हता. दुसऱ्याच्या परवान्याच्या आडून धंदा चालला होता. पुढे कंपनीच्या प्रमुखांना न्यायालयाने दोषी ठरवलं. आता त्या प्रवाशांनी कोणता कागद बघायला हवा होता, सांग.

भाची : परवान्यावर हेच विमान नोंदलंय का, ते.

मामा : बरोबर. ऑपरेटरचा परवाना असणं पुरत नाही, समोर उभं असलेलं विमान त्या परवान्यात असायला हवं. आपल्याकडे खासगी वर्गात नोंदलेलं विमान भाड्याने देता येत नाही. तरी कोणी ओळखीत, स्वस्तात देऊ करतो. तो पैसे ‘खर्च म्हणून’ घेतो. काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. आणि तुझ्या कारखान्याचे चार अभियंते त्यात बसलेले असतील.

इथे मामांचा आवाज चढला होता. मलाही वाटतं, चार्टर करणाऱ्या कंपन्यांनी दराच्या आधी हा कागद मागायला हवा, आणि तो देताना जो कुरकुरतो त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवायला हवं. यात संकोच कसला? माल पुरवणाऱ्याचं प्रमाणपत्र आपण बिनदिक्कत मागतोच.

भाची : मी मागीन. पण तुमचं विमान वीस वर्षांहून जुनं आहे, त्याचं काय? हॉकरचा कारखानाही बंद झालाय.

मामा : वयाला घाबरू नकोस. या विमानाचा पूर्वज, डी हॅविलँड १२५, १३ ऑगस्ट १९६२ ला पहिल्यांदा उडाला. पुढे नाव बदललं, मालक बदलले, जुळणी इंग्लंडमधून कॅन्ससमधल्या विचिटाला गेली, पण सांगाडा तोच सुधारत राहिला. हॉकर बीचक्राफ्टचं दिवाळं २०१२ मध्ये वाजलं आणि ही जेट बनणं थांबलं. सुट्या भागांची जबाबदारी आता टेक्स्ट्रॉनकडे आहे. इंजिन हनीवेलचं टीएफई७३१. ते इतक्या जातींच्या जेटवर बसलंय की त्याचे भाग आणि त्याला हात लावणारी माणसं जगभर मिळतात. १२५ च्या पहिल्या पिढीला व्हायपर इंजिनं होती. १९६२ मध्येच ब्रिस्टल सिडली कंपनीने त्या इंजिनांसाठी तासावर ठरलेला दर घेऊन देखभाल करायची पद्धत काढली. जितके तास उडाल तितके पैसे भरा, दुरुस्ती आमच्याकडे. आज मोठ्या विमान कंपन्याही इंजिनं अशीच सांभाळतात. सुरुवात या लहान जेटपासून झाली.

भाची : आणि हे विक्रीला असलेलं विमान अशा योजनेत आहे का?

मामा : पहिला प्रश्न हाच विचारायचा. या इंजिनाची मोठी तपासणी २,१०० तासांनी येते, आणि त्याच्या दुप्पट तासांनी कॉम्प्रेसर उघडावा लागतो. योजना चालू असेल तर पैसे भरलेले असतात. नसेल आणि तपासणी तोंडावर आली असेल, तर अठरा कोटींचं विमान अठराचं राहत नाही. कमी किमतीचं विमान बहुतेक वेळा याच वळणावर विकायला काढतात.

भाची : म्हणजे सौद्यात फसायची वेळ तिथेच येते.

मामा : फसतो तो न उघडता घेणारा. मी काय बघतो ते सांगतो. लोक केबिनचं चामडं बघतात, लाकडाची पॉलिश बघतात. मी आधी स्वच्छतागृहाखालची फळी उचलायला लावतो, मग पॅन्ट्रीखालची. वर्षानुवर्षं तिथे पाणी झिरपतं. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत उभं राहिलेलं विमान असेल तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली दिसते. बोटाला लागते. खरवडली की खाली खड्डा. तो कुठल्या बीमवर आहे, किती खोल आहे, मर्यादेत आहे का, यावर विमानाचं भवितव्य ठरतं. मग पंखाची पुढची कड. हॉकरच्या पंखावर बर्फ धरू नये म्हणून त्या कडेला धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना डोळ्यांना धड दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं असतात. त्यातून ग्लायकोलचा द्रव पाझरतो. आपल्या हवेत ती यंत्रणा वर्ष-वर्ष चालवलीच जात नाही, छिद्रं बुजतात. विकणारा म्हणतो, भारतात बर्फ कुठे? पण पंखाला बर्फ ढगात धरतो, जमिनीवर नाही. ती पट्टी सगळीकडून सारखी ओली होते का, ते मी समोर उभं राहून बघतो. आणि मग बोअरस्कोप. इंजिनाच्या पोटात कॅमेरा सोडायचा आणि टर्बाइनचं प्रत्येक पातं फिरवून बघायचं.

भाची : आणि कागद?

मामा : बैल घेताना दात बघतात, विमान घेताना लॉगबुक. कारखान्यातून निघाल्या दिवसापासूनची पानं सलग हवीत. आयुष्य ठरलेला प्रत्येक भाग, म्हणजे इंजिनातल्या चकत्या, लँडिंग गिअर, जन्मापासून कुठे कुठे बसला आणि किती वेळा उतरला याची नोंद हवी. मधली दोन वर्षं गायब असतील, तर ते विमान मी तुला फुकटही घेऊ देणार नाही. याची लॉगबुकं मी चाळली आहेत. सलग आहेत, अक्षर सुवाच्य आहे, आणि गिअरच्या ओव्हरहॉलचे कागद जागेवर आहेत. असं विमान रोज मिळत नाही. परदेशातून आणायचं म्हटलं तर वयाची अट आडवी येते, नोंदणी रद्द करून घ्या, निर्यातीचं प्रमाणपत्र घ्या, अटलांटिक ओलांडून टप्प्याटप्प्याने आणा, आणि मग इथली सगळी प्रक्रिया. हे इथेच उभं आहे.

भाची : समजा सगळं उत्तम निघालं. तरी एक अडचण राहतेच. पंतनगरची धावपट्टी साडेचार हजार फुटांची आहे. तुमच्या हॉकरला पूर्ण भाराने उडायला पाच हजारांच्या आसपास लागते.

मामा : इंधन कमी घेऊन निघता येतं.

भाची : मे महिन्यात तराईच्या उन्हात, पूर्ण माणसं घेऊन? सायटेशन एक्सएलएसला साडेतीन हजारांवर भागतं. म्हणजे मालकीचं एकच विमान घेतलं की माझे सगळे रस्ते त्याच्या पायांनी ठरणार. चार्टरमध्ये मी होसूरला हॉकर मागवीन आणि पंतनगरला एक्सएलएस.

मामांनी इथे मान हलवली, वाद घातला नाही. विमान निवडणारे लोक पल्ला विचारतात, केबिनची उंची विचारतात. आपण कुठे उतरणार हे फार थोडे विचारतात. आपल्या राज्यात तर जिल्ह्या-जिल्ह्यात धावपट्ट्या आहेत आणि प्रत्येकीची लांबी, दिवे, अग्निशमन, रात्री उतरण्याची सोय वेगळी. नकाशावर टिंब दिसलं म्हणजे विमान उतरलंच असं होत नाही. तांत्रिक मान्यतांचंही तसंच. २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात उडायला विमान आणि चालवणारी संस्था या दोघांची मान्यता लागते. मालक बदलल्यावर ती नव्याने येईपर्यंत जेट खालच्या जाड हवेत इंधन जाळत राहतं. ‘गगन’ या भारतीय दिशादर्शन यंत्रणेचा उपग्रह संकेत घेणारं उपकरण त्यात आहे का, नसेल तर बसवायला काय लागेल, हेही किंमत ठरवण्याआधी विचारायचं असतं.

मामा : बरं, धावपट्टी सोड. मला खरं सांग, तुझी आडकाठी पैशांची नाही. तुझा चेहरा दुसरंच सांगतोय.

भाची : नाही, पैशांची नाही. मामा, तुम्ही म्हणता, आपलं विमान, आपले वैमानिक, आपली देखभाल, म्हणून सुरक्षित. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. बेडफर्डचा अपघात तुम्हाला माहीत आहे.

मामा : मॅसॅच्युसेट्सचा. ३१ मे २०१४.

भाची : गल्फस्ट्रीम फोर. कंपनीचं विमान, मालक आत बसलेला, आणि कितीतरी वर्षं एकत्र उडणारे दोन अनुभवी वैमानिक. उभ्या विमानाच्या पंखांचे आणि शेपटीचे हलणारे भाग वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून कॉकपिटमध्ये एक खिट्टी असते. ती काढायची राहिली. निघण्यापूर्वी कॉकपिटमधली नियंत्रणं पूर्ण फिरवून बघितली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं. बघितलंच नाही. सातही जण गेले. चौकशीत यंत्राची नोंद काढली तर आधीच्या १७५ उड्डाणांपैकी १७३ वेळा ती तपासणी पूर्ण केलेली नव्हती. म्हणजे त्या रात्री काही वेगळं घडलं नव्हतं. ते रोज असेच निघत होते. आणि रोज सुखरूप पोहोचत होते, म्हणून कोणी विचारलं नाही.

मामा : ते वैमानिकांच्या सवयीचं झालं. मालकीचा काय संबंध?

भाची : त्या दोघांना बाहेरून बघणारं कोणी नव्हतं, हा संबंध. ते एकमेकांना ओळखत होते, मालकाला ओळखत होते. माझ्याकडे चार वैमानिक पगारावर राहिले तर त्यांचा पगार मी देणार, रजा मी मंजूर करणार, दिवाळीला त्यांच्या घरी मिठाई मी पाठवणार. मग जुलैत एका पहाटे होसूरची लाइन थांबलेली, ग्राहकाचा फोन, मी गाडीतून उतरून विमानाकडे चालत निघालेली, आणि त्या कॅप्टनला मला सांगायचंय की मॅडम, आज नाही. तो सांगेल?

मामा : चांगला कॅप्टन सांगतो.

भाची : पहिल्यांदा सांगेल. माझा चेहरा बघितल्यावर दुसऱ्यांदा तो अर्धा तास थांबू म्हणेल. तिसऱ्यांदा म्हणेल, जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ. मला माझा स्वभाव माहीत आहे. कारखान्यात मी ‘होणार नाही’ हे उत्तर ऐकून घेत नाही, त्याच्यावरच हा कारखाना उभा राहिला. तो स्वभाव मला धावपट्टीवर न्यायचा नाही. म्हणून मला वैमानिक दुसऱ्या कोणाच्या पगारावर हवेत.

मामा थोडा वेळ गप्प होते. मला वाटतं, या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट भाचीने इथे सांगितली. उद्योगपती विमान घेतात ते वेळ आपल्या हाती राहावा म्हणून, आणि विमानात बसलेला माणूस मात्र वेळ दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय सुरक्षित नसतो. पण मामांनी जे उत्तर दिलं तेही मला खोडता येत नाही.

मामा : तुझं म्हणणं मला मान्य आहे, पण अर्धंच. चार्टरचा कॅप्टन तुझ्या पगारावर नसेल, पण कोणाच्या तरी आहेच. त्याचा मालक तुझं गिऱ्हाईक गमावायला घाबरतो. उड्डाण रद्द झालं तर तू पैसे देत नाहीस. मुंबईहून विमान रिकामं इथपर्यंत आलेलं असतं, त्याचं नुकसान त्याच्या अंगावर. मग तो कॅप्टनला फोन करतो, म्हणतो, अरे, बघ ना जमतंय का. तुझा दबाव नुसता एक घर पुढे सरकला. मी हँगरमध्ये हे बघितलंय. विमान उद्या सकाळी हवंय म्हणून रात्री अकराला फोन येतो, आणि अभियंता सही करायची की नाही या विचारात टॉर्च घेऊन बसलेला असतो. माझ्याबरोबरच्या एकाने सही नाकारली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कोणी बोललं नाही. विमान मात्र दुरुस्त झालं, कारण त्याने सही नाकारली होती. मालक चांगला असेल तर त्या अभियंत्याच्या मागे तो उभा राहतो. तू तशी उभी राहशील, म्हणून मी तुला म्हणतो की विमान तुझ्या हातात असू दे.

भाची : तुम्ही माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवता.

मामा : तुला लहानपणापासून बघतोय.

मधला मार्ग त्यांनी चर्चेला घेतला आणि लवकरच सोडला. विमान आपण घ्यायचं आणि परवाना असलेल्या ऑपरेटरकडे चालवायला द्यायचं, आपल्याला नको तेव्हा तो चार्टरला देईल, खर्च निघेल. हे बरेच जण करतात आणि काहींचं जमतंही. पण या कारखान्याची निकड अवेळी येते, आणि नेमकं तेव्हा विमान कोणाच्या लग्नाला उदयपूरला गेलेलं असतं. शिवाय अनोळखी माणसांचे तास त्याच इंजिनांवर चढतात, त्याच गिअरवर उतरतात. पाच जणांना जे विमान हवं असतं ते नीट कोणीच बघत नाही, असं मामा म्हणाले, आणि भाचीने तो मुद्दा तिथेच संपवला.

भाची : मग मी असं करते. तीन ऑपरेटर न बघता एकच निवडते आणि वर्षाचा करार करते. ठरावीक तासांची हमी मी देते, त्याबदल्यात अटी माझ्या. विमानाचं शेपटीवरचं नोंदणीचिन्ह आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत कळवायचं. बदली विमान माझ्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि ते कोणत्याही परिस्थितीत परवान्यात नोंदलेलंच हवं. वर्षातून दोनदा तुम्ही त्यांच्या हँगरमध्ये जाऊन लॉग बघणार.

मामा : मला आत कोण सोडेल?

भाची : करारात लिहिलं तर सोडतील. नाही म्हणाले तर करार नाही. आणि एक कलम मी स्वतः लिहिणार. कॅप्टनने उड्डाण नाकारलं तर ठरलेल्या फेरीचे पूर्ण पैसे आम्ही देऊ. निम्मे नाही, पूर्ण.

मामा : पूर्ण?

भाची : तुम्हीच म्हणालात ना, नुकसान त्याच्या अंगावर पडतं म्हणून दबाव पुढे सरकतो? मग ते माझ्या अंगावर घेते. नाही म्हटल्याने कोणाचा रुपयाही बुडत नसेल, तर कॅप्टनला फोन करायला ऑपरेटरला कारण उरत नाही.

मामा : मसुदा लिहिताना नुसतं ‘हवामान’ लिहू नकोस. कॅप्टनला झोप लागली नसेल, एखादा दिवा लागून विझला असेल, सहवैमानिकाला बरं वाटत नसेल. कित्येकदा त्याला नीट सांगताही येत नाही, पण काहीतरी बरोबर नाही हे कळतं. कारण विचारायचा हक्कच स्वतःकडे ठेवू नकोस. आणि अभियंत्यालाही त्यात घे. त्याने सही नाकारली तरी पैसे पूर्ण.

भाची : घेते.

मामा : आणि या हॉकरचं काय?

भाची : दर तिमाहीला तास मोजू. सलग दोन वर्षं दोनशेच्या वर गेले, तर तुमच्याबरोबर मी स्वतः हँगरमध्ये येऊन फळ्या उचलायला लावीन. तोवर हे विकलं गेलं असेल, दुसरं येईल. कदाचित पंतनगरला उतरणारं येईल.

मामा : लॉगबुकं इतकी नीट असलेलं यायला वेळ लागेल.

भाची : थांबू. पावसाळ्यात अशा नकाराच्या पाच फेऱ्या धरल्या तर वर्षाचे नव्वद लाख होतात.

मामा : ते एप्रिलमध्येच अर्थसंकल्पात वेगळे काढून ठेव. तरतूद नसली की त्या पहाटे विमानाजवळ उभं राहून चर्चा सुरू होते.